सारोंगाखालचा भाव

मी एक लाल चौकड्यांचा सारोंग, म्हणजे लुंगीसारखं नेसायचं वस्त्र, बोलतोय. खरं तर बोलणं हा माझा धर्म नव्हे. इंडोनेशियात, सुमात्रातल्या पायाकुंबुहच्या गुरांच्या बाजारात मी मिरवलो तो गप्प राहण्यासाठीच. पण आता बाजार सुटला, तो खांदाही सुटला, म्हणून चार शब्द बोलतो.

माझा जन्म जावातल्या एका मागावरचा. रोस्नीदाने मला ईदसाठी घेतलं, नवऱ्याने नमाजाला नेसावं म्हणून. नवरा स्याफनीर, गुरांचा व्यापारी. पहिल्याच रविवारी त्याने मला खांद्यावर टाकलं आणि बाजार गाठला.

"अहो, नमाजासाठी आणला होता," संध्याकाळी रोस्नीदा म्हणाली. "शेणाचा वास लावून आणलात."

"त्याच वासावर तुझा भात शिजतो."

तिने मला खूप घासलं. वास काही गेला नाही, मग तिने नाद सोडला.

आमच्याकडे रुपिया हलका, म्हणून गुरांचा भाव लाखा-कोटींत जातो; पण तो तोंडाने बोलत नाहीत. घेणारा नि विकणारा हातात हात घालतात, वर सारोंग टाकतात आणि बोटांनी बोलतात. बोट धरलं की भाव चढला, पिळलं की उतरला. वर मात्र जावयाच्या, पावसापाण्याच्या गप्पा चालू. "कसलं हाडकुळं ध्यान आणलंस रे," असं एकजण म्हणत असतो आणि खाली त्याचीच बोटं हपापून पुढे सरकत असतात. तोंडाला खोटं बोलता येतं, तळहाताला घाम फुटतो. हा सगळा खटाटोप कशासाठी? तर कुणाला पडत्या भावात जनावर द्यावं लागलं, तरी ते शेजाऱ्याला कळू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती मूठ झाकणारा मी.

सगळ्या हातांत मला दार्विसचा हात आवडायचा. डोंगराच्या पायथ्याशी तो गाई पाळायचा. कधीतरी दाव्यात अडकून त्याच्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर गेलं होतं.

"तुझ्याशी सौदा म्हणजे अर्ध्या बोटाचं नुकसान," स्याफनीर दर वेळी म्हणायचा.

"मग धरतोस कशाला लेका? सोड की."

पण सोडायचं कुणालाच नसायचं. भाव ठरून गेला तरी दोन्ही हात माझ्याखाली उगाच रेंगाळायचे. ती ऊब मला अजून आठवते.

मग गुरांत लाळ्या-खुरकूतची साथ आली. बाजार बंद पडला. उघडला तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. शहरातल्या दुकानांत परदेशातलं गोठवलेलं मांस स्वस्तात मिळत होतं आणि इकडे चाऱ्याचे दर वाढत होते. घरात दुखणं निघालं म्हणून दार्विसने आपली चांगली गाभण गाय बाजारात आणली. गोठ्याचं बियाणंच ते. ते विकणाऱ्याच्या हातात काय उरतं, हे त्याला ठाऊक होतं. माझ्याखाली त्याने पूर्ण भावाची बोटं धरली. स्याफनीरने भाव पिळत पिळत खाली आणला. धंदाच तो. दार्विसने शेवटी हात घट्ट दाबला आणि दावं सोपवलं.

इथवर सगळं रीतीला धरून होतं. पण दोन दिवसांनी कॉफीच्या टपरीवर कुणीतरी टोमणा मारला, "काय स्याफनीर, तुझ्या सारोंगात आता नुसता वाराच शिरतो म्हणे."

"वारा?" स्याफनीर फुशारला. "दार्विसची गाभण गाय नव्वद लाख रुपियांत घेतली. दीड कोटीची गाय. आहे कुणाची हिंमत?"

मागच्या बाकावर दार्विस बसला होता. त्याने कप खाली ठेवला, पैसे दिले आणि निघून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुढे शहरातल्या व्यापाऱ्यांनी बाजाराच्या टोकाला वजनकाटा मांडला, वर कर्णा लावला. जनावर काट्यावर चढायचं, लिलाव पुकारला जायचा आणि भाव साऱ्या गावाला ऐकू यायचा. दार्विस आपली गुरं तिकडे नेऊ लागला. लोक विचारत तेव्हा म्हणायचा, "माझा भाव एकदा चव्हाट्यावर आलाच आहे. आता झाकून काय करू?"

स्याफनीर रविवारभर त्या कर्ण्याकडे बघत राही आणि मी त्याच्या खांद्यावर त्या अर्ध्या बोटाची वाट बघत राही. चूक झाली एवढं म्हणायला त्याची जीभ वळेना. नको तिथे मात्र वळली होती. ती गाय त्याने विकली नाही. "कुणासाठी ठेवलीय?" रोस्नीदाने विचारलं की तो गवत टाकायला उठून जायचा.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी त्याचं पांघरूण झालो. खर्च भागेना तेव्हा रोस्नीदा म्हणाली, "गाय काट्यावर पाठवते." स्याफनीरने डाव्या हाताने मला मुठीत गच्च धरलं आणि नाही नाही अशी मान हलवली. ती बराच वेळ त्या मुठीकडे बघत राहिली. मग तिने दार्विसला निरोप धाडला.

दार्विस आला. अंगणात गाय ओळखून तिच्या पाठीवर हात ठेवून जरा थांबला, मग आत येऊन खाटेशी बसला. त्याने हात माझ्याखाली सरकवला आणि अर्धं बोट कितीतरी काळाने मला लागलं. त्याला उजवा हात सापडला, तो थंड, निर्जीव. त्याने डावा शोधला.

"डावा तर डावा," तो म्हणाला.

सौदा सुरू झाला. दार्विस बोटं धरून भाव चढवायचा, स्याफनीर पिळून उतरवायचा. घेणारा वाढवतोय आणि विकणारा कमी करतोय, असा उलटा सौदा मी जन्मात पाहिला नव्हता. दोघांचे डोळे वाहत होते. शेवटी एक हात घट्ट दाबला गेला आणि नंतर बराच वेळ दोन्ही तिथेच राहिले.

"कितीला ठरली, भावजी?" रोस्नीदाने दारातून विचारलं.

"ते विचारायचं नसतं, वहिनी," दार्विस म्हणाला आणि दावं सोडायला उठला.

स्याफनीर पावसाळ्याआधी गेला. आता मी खुंटीवर असतो. हातांची फार आठवण येते. दर रविवारी कर्ण्यावरून भाव ऐकू येतात, कुणाचा चढता, कुणाचा पडता, सगळे उघडे. त्या गायीचा भाव मात्र त्यात कधी आला नाही. तो माझ्यापाशी आहे आणि माझ्याबरोबरच विरेल.