दोन चुली

मुख्याध्यापक भगीरथ सरांनी गोष्टीच्या समासात लिहिलं, ‘दोघींच्या चुली वेगळ्या होत्या.’

“एवढं घाला,” ते माधुरीबाईंना म्हणाले. “मग गोष्ट वाटा.”

टोकावड्याजवळच्या त्या शाळेत नववीची मुलं दर गुरुवारी एक गोष्ट घरी नेत, मोठ्या माणसांना वाचून दाखवत आणि ऐकणाऱ्याची सही आणत. या खेपेची गोष्ट माधुरीबाईंनी स्वतः लिहिली होती. एकमेकींवर प्रेम करणाऱ्या, आयुष्यभर एका घरात राहिलेल्या दोन शेतकरी बायकांची.

“सर, चूल वेगळी म्हणजे घरच वेगळं. मग गोष्टीत राहिलं काय?” माधुरी म्हणाली.

“राहील तेवढं राहू दे. एका घरातून जरी तक्रार आली, तर मला हे वाचन बंद करावं लागेल.”

ते रागावले नव्हते. पेनाचं टोपण लावत होते, काढत होते.

वर्गात चौतीस मुलं होती. त्यांतल्या एखाद्याला तरी ही गोष्ट आपली वाटेल, असा माधुरीचा अंदाज होता. गोष्ट त्याच्यापर्यंत पोचावी म्हणून तिने ती ओळ घातली.

शुक्रवारी तेहतीस सह्या आल्या. शिक्षणासाठी आत्याकडे राहणाऱ्या रेश्माचा कागद आला नाही.

“आत्या बोलली, मीच येते शाळेत,” रेश्मा खाली बघत म्हणाली.

दुपारी जनाआत्या आली. चपला दाराबाहेर काढून ती ऑफिसात उभी राहिली. हातात चार घड्या घातलेला कागद होता. सरांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

“ही गोष्ट कोनी लिवली?”

“मी,” माधुरी म्हणाली.

“मावशी, काही खटकलं असेल तर आपण गोष्टच काढून टाकू,” सर घाईने म्हणाले.

“काढता कशाला? चुकलंय तेवढं नीट करा. दोन चुली कशाला घातल्या?”

सरांनी पेनाचं टोपण लावलं.

“आमच्यात भांडण झालं का चूल येगळी व्हते. या दोघी तर भांडल्या नाय. शेत एक, गुरं एक. मंग दोनदा रांधतील कशाला? लाकडं काय आपली चालत येतात घरी?” तिने कागद टेबलावर ठेवला. “मी नि सावळी तीस वर्सं एकाच चुलीवर रांधतो. लोक बोलून बोलून दमले, आमी नाय दमलो. काल रेश्मानं वाचायला घेतलं, तर सावळी हातातलं काम टाकून ऐकत व्हती. चुलीचं आलं नि उठून बाहेर गेली. बोलली, बघ गो, गोष्टीत पन आपल्याला येगळं केलं.”

माधुरीने कागद उलगडला. मान वर केली, पण तिच्याआधी सर बोलले.

“ती ओळ बाईंची नाही. माझी आहे.”

जनाआत्या त्यांच्याकडे वळली.

“मंग सावळीला तसं सांगा. भायेर उंबराखाली बसलीय. शाळेत शिरायची नाय ती.”

सरांनी कागद मागून घेतला, ती ओळ खोडली आणि दाराकडे निघाले. उंबरठ्यावर अडखळले.

“त्यांना काय म्हणू?”

“आमची पोर सावळीआत्या म्हनते.”

खिडकीतून माधुरीला अंगण दिसत होतं. सरांना येताना पाहून उंबराखालची बाई पदर सावरत उठू लागली. सरांनी लांबूनच हाताने बसा म्हटलं, आणि पँट वर ओढून तिच्यासमोर मातीत बसले.