चढावरचा पाय

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटार आहे, आणि गावात मला झपाटलेली म्हणतात. पोरं माझ्या काचेला नाक लावून आत बघतात आणि मागून कोणी नुसतं खोकलं तरी धूम ठोकतात. त्यांना हसू नका. कितीतरी दिवस मी स्वतःही तेच मानत होते.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तिथलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते रावजींच्या हाती आल्यावर. रावजी मिरकरवाड्याला ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचे. तीस वर्षं मी त्यांना आरे-वारेच्या रस्त्याने बंदरावर नेलं आणि परत आणलं. माझ्या गाद्यांना डिझेलचा नि सुक्या मासळीचा वास कायमचा बसला. रविवारी ते मला अंगणात धुवायचे आणि त्यांची बायको मथुरा पायरीवरून म्हणायची, "माझ्या लुगड्यांना कधी एवढा साबण नाय लावलात!" मी मनातून सुखावायचे. त्यांचा पाय पडून पडून माझ्या ॲक्सिलरेटरच्या रबराला खळगा पडला होता.

गेल्या वर्षी त्या रस्त्याच्या चढावर त्यांच्या छातीत कळ आली. त्यांनी मला कडेला घेतलं, गिअर काढला, हातब्रेक ओढला आणि मान टाकली. पाय मात्र पेडलवर तसाच राहिला, पूर्ण दाबलेला. मी जागच्या जागी ओरडत राहिले. शेजारी मथुरा बसली होती. मासळीच्या टेम्पोवाल्यांनी धावत येऊन चावी फिरवली, तोवर तो आवाज तिच्या कानात जाऊन बसला होता. ती तेव्हा रडली नाही आणि नंतरही नाही.

मग त्यांची मुलगी दीपाली मला चालवू लागली. ती रत्नागिरीत एका कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळते. माझा कार्बुरेटर झिजला होता, चढावर मला धाप लागायची. रावजींचे बंदरावरचे जोडीदार केरूकाका यांनी हातखंब्याच्या भंगारातून मोठा कार्बुरेटर शोधून आणला आणि हौसेने बसवला. "आता बघ कशी पळते ती!" मी खरंच पळू लागले. पेडलपासून कार्बुरेटरकडे जाणारी सळई तेवढी जुनीच राहिली, आणि तिला मागे ओढणारी स्प्रिंगही.

आठवड्याभरात दीपाली आईला घेऊन बाजाराला निघाली. त्याच चढावर तिने पेडल पूर्ण दाबलं, मग पाय उचलला. पेडल वर आलंच नाही. मी ओरडत सुटले, अगदी त्या दिवशीच्या आवाजात. दीपालीने चावी बंद केली म्हणून निभावलं. थोड्या वेळाने पेडलला लाथ मारली, तर सगळं ठीक.

केरूकाका धावत आले. जन्मभर इंजिनं उघडलेला माणूस, पण त्या दिवशी बॉनेटला हात लावायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी चढापुढच्या वळणावर नारळ ठेवला, दगडावर विडी पेटवून ठेवली आणि गाऱ्हाणं घातलं, "बा रावजी, तुझ्या गाडीला हात लावला, काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाल, नि पोरीची वाट सोड रे महाराजा!"

"होय महाराजा," मथुरा म्हणाली. पण वाट सुटावी असं तिला वाटतच नव्हतं. त्यानंतर ती रोज संध्याकाळी माझ्यात येऊन बसू लागली. दोन विडे लावायची, एक स्वतः खायची, एक रावजींच्या जागेवर ठेवायची. खरं सांगते, त्या वेळी मलाही पेडलवर वजन जाणवायचं.

पुढच्या खेपेला चढ संपून वळण आलं, खाली समुद्र, आणि पेडल पुन्हा गच्च. दीपालीचा हात चावीकडे गेला तोच मथुरेने तिचं मनगट धरलं.

"सोड गो. ते नेतायत आपल्याला. जाऊ दे."

दीपालीने हिसडा मारून चावी फिरवली. माझं नाक रस्त्याकडेच्या जांभ्या दगडांच्या गडग्यावर आपटलं तेव्हा कुठे मी थांबले. दीपाली भुताला भ्याली नाही. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला ती भ्याली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंगणात माझं बॉनेट उघडलं. "आई, उजवीकडे बस. मी सांगेन तेव्हा पेडल दाब."

"त्यांच्या जागेवर? मी नाय बसायची."

"मग मी पेडल दाबू की इंजिनात बघू? बस ना गो."

मथुरेने चपला काढल्या आणि अनवाणी पाय त्या खळग्यात ठेवला. इंजिन बंद होतं, तरी मी शहारले. तिने पूर्ण दाबलं, पाय उचलला. पेडल खालीच राहिलं.

"बघ. धरलंय त्यांनी."

"उतर आणि इकडे बघ."

नवा कार्बुरेटर उंच होता, त्यामुळे सळई तिरकी झाली होती. पूर्ण दाबली की तिचं टोक एका नटाखाली अडकायचं, आणि थकलेल्या स्प्रिंगला ते सोडवायचं बळ नव्हतं. एवढा दाब मला फक्त त्या चढावरच लागायचा. दीपालीने बोटाने ढकललं आणि सळई खट्कन सुटली. मथुरेने त्या नटावरून बोट फिरवलं.

केरूकाकांना बोलावलं, तर त्यांची मान वर होईना. "चुकलं माझं, वयनी. आधी हेच बघायला हवं होतं." त्यांनी आणि दीपालीने मिळून सळई सरळ बसवली, नवी कडक स्प्रिंग लावली.

"आई, आता दाब."

तिने दाबलं, सोडलं. पेडल वर आलं. तिने पुन्हा दाबलं, ते पुन्हा वर आलं. दीपाली "पुरे" म्हणाली तरी ती थांबेना.

"हे येतं परत," मथुरा म्हणाली, आणि माझ्या स्टिअरिंगवर डोकं टेकून इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

मित्रांनो, तुमच्या घरातलं जुनं यंत्र अडलं तर आधी ते उघडून बघा. गाऱ्हाणं मागाहूनही घालता येतं. आणि त्या यंत्राजवळ कोणी गप्प बसून राहत असेल, तर त्या माणसाचीही विचारपूस करा.

पेडलचं रबर तेवढं दीपालीने बदललं नाही. आता चढावर तिने पाय उचलला की पेडल लगेच वर येतं, आणि तो खळगा रिकामा होतो. मला अजून सवय झालेली नाही.