वजडी गार झाली

आंसेल्मच्या खानावळीत मेन्यूकार्ड कधी नव्हतंच. गिऱ्हाईक बसलं की तो खांद्यावर फडकं टाकून टेबलापाशी उभा राहायचा आणि आज काय शिजलंय ते तोंडाने सांगायचा. त्यात निम्मी पदार्थांची नावं, निम्म्या शिव्या. "काय रे, आजही उपाशी? बायकोनं हाकललं वाटतं. वजडी आहे, माशाचे मुटके आहेत. हिरवा पाला मागू नकोस, तो सशांसाठी ठेवलाय." फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या त्या चढावर तीस वर्षं लोक सकाळी नऊलाच वजडी आणि लाल वाईनची न्याहारी करायला येत होते, पूर्वी रात्रपाळी संपवून विणकर यायचे, तसे. आंसेल्म ज्याला शिवी देत नाही तो अजून परका, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

कळलं नाही ते लंडनच्या कंपनीला. ती इमारत त्यांनी वसंतात विकत घेतली आणि जूनमध्ये त्यांचं पत्र आलं. भाडेकरार सप्टेंबरात संपतो. मालक पाहुण्यांचा अपमान करतो अशी एका बाईंची तक्रार आहे. तरी पदार्थांची यादी आणि एखाद्या सकाळचं टेबलावरचं बोलणं इंग्रजीत लिहून पाठवावं. ते वाचून करार वाढवायचा की नाही ते ठरवू.

"कुठली गं ही बाई?" आंसेल्मने विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना तिला, ताट पुसून खा, नाहीतर तुझ्या आईला पत्र लिहीन?" सोलेन म्हणाली.

"मग? अर्धं ताट टाकलं होतं तिनं. लाड केले मी तिचे!"

सोलेन त्याची एकुलती एक मुलगी. भाषांतर हाच तिचा पोटापाण्याचा धंदा, पण औषधाच्या खोक्यांतल्या पत्रकांचा. एक शब्द चुकला तर माणूस दगावेल, अशा धास्तीत सात वर्षं काढलेली. लेकीच्या बापाने पाठ फिरवल्यापासून ती आठ महिन्यांच्या क्लेमांसला घेऊन खानावळीच्या वरच्या दोन खोल्यांत राहत होती. त्या खोल्याही त्याच करारात होत्या. म्हणून पत्र वाचल्यापासून तिचं लक्ष सारखं दोन ठिकाणी धावायचं: लेकीच्या श्वासाकडे, आणि वाईन ओतताना बापाच्या थरथरणाऱ्या हाताकडे. खानावळ गेली तर तो हात काय धरणार?

पुढच्या गुरुवारी ती क्लेमांसला मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर वही उघडून बसली. यादीनेच घाम फोडला. पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेल्या वजडीला तिथे 'सैनिकाचं एप्रन' म्हणतात. नुसतं 'एप्रन' लिहावं तर इंग्रज हसतील, 'गाईच्या पोटाची वजडी' लिहावं तर पळतील. मऊ चीज लसूण-कांदापात घालून घुसळलं की झाला 'विणकराचा मेंदू'. गरिबांच्या डोक्यात दुसरं काय असणार, असं म्हणून शेठजींनी ठेवलेलं नाव, आणि विणकरांनी तेच हसत हसत ताटात वाढून घेतलेलं. हे एका ओळीत कसं बसवायचं? तिने लिहिलं, 'ताजं चीज, हिरव्या पातीसह'. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. तरी लिहून झाल्यावर तिला वाटलं, आपण कोणाचं तरी आडनाव खोडलं.

साडेदहा वाजले तेव्हा दार उघडलं आणि खानावळ एकदम चिडीचूप झाली. दारात फोस्तँ उभा होता. रेशमावर छपाई करून निवृत्त झालेला, तीस वर्षं रोज नऊच्या ठोक्याला खिडकीजवळ बसणारा. त्याची बायको लेओंतीन मंगळवारी गेली होती, बुधवारी तिला पुरलं होतं. आज त्याच्या शर्टाचं एक बटण चुकलं होतं. सगळे उठायच्या बेतात होते, जो तो तोंडात दुखवट्याचं वाक्य जुळवत होता. फोस्तँ ते ओळखून मागे सरकला. आता हा निघून जाणार, हे सोलेनला स्पष्ट दिसलं.

तोच आंसेल्म स्वयंपाकघरातून ओरडला, "उशीर झाला! वजडी गार झाली. आता बस आणि तीच गीळ."

फोस्तँ खिडकीजवळ जाऊन बसला आणि ढसाढसा रडला. आंसेल्मने ताट त्याच्यापुढे आदळलं. वजडीतून वाफा निघत होत्या. "रडून खारट करू नकोस. मीठ मी बरोबर घातलंय." रडता रडता फोस्तँ हसला, म्हणाला, "तुझ्या हातचं मीठ आणि बरोबर? लेओंतीन मरेपर्यंत तेच म्हणत होती, म्हाताऱ्या." आणि त्याने सगळं ताट पुसून खाल्लं.

रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी सोलेन त्या सकाळच्या बोलण्याचं पान लिहायला बसली. शब्द सोपे होते, शाळकरी मुलीनेही इंग्रजीत केले असते. उशीर झाला. गार झाली. बस. गीळ. पण ते इंग्रजीत उतरले आणि तिच्या अंगावर काटा आला. बायको पुरून आलेल्या माणसावर एक खाटीक गुरकावत होता. तिने खाली टीप लिहिली, मग त्या टिपेला टीप. सगळं खोडलं. शेजारी क्लेमांस झोपेत तोंड चाळवत होती. सोलेनने लेकीच्या छातीवर हात ठेवून पाहिलं, आणि मग औषधाच्या पत्रकाला शोभेल अशा निर्धोक इंग्रजीत लिहिलं: 'यावे महाशय. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपल्यासाठी गरम जेवण ठेवले आहे.'

ऑगस्टच्या शेवटी करार वाढल्याचं पत्र आलं. आंसेल्मने सगळ्यांना वाईन पाजली. "बघा! माझं बोलणं लंडनला पटलं. अरे, मी साधासुधा नाही!" सोलेन हसली आणि क्लेमांसला घेऊन वर निघून गेली.

सप्टेंबरात कंपनीच्या मिस पेनरोज स्वतः आल्या. त्यांनी पाहुण्यांसाठी छापलेली एक सुबक पुस्तिका आणली होती. फ्रेंच त्यांना उत्तम येत होतं. सकाळच्या भरल्या खानावळीत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे पान वाचून आमच्या ऑफिसात दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुमचेच शब्द तुम्हाला परत देते." मग त्यांनी ते इंग्रजीतून पुन्हा फ्रेंचमध्ये वाचून दाखवलं, अगदी मनापासून. यावे महाशय. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

फोस्तँने काटा खाली ठेवला. "हे तू मला म्हणालास? कधी?"

आंसेल्मने एकदाच सोलेनकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तो तिला सोसला असता.

"आमची एवढीच विनंती," मिस पेनरोज हसून म्हणाल्या, "पाहुणे पुस्तिका वाचून येतील. त्यांना हाच माणूस इथे भेटू दे."

त्या गेल्यावर सोलेन बापामागे स्वयंपाकघरात गेली. "पापा, मी घाबरले होते. खरं लिहिलं असतं तर—"

"घर गेलं असतं. कळतं मला." तो कांदा चिरत होता. "पोरीला छप्पर पाहिजे. चांगला माणूस लिहिलास तू. माझी ओळख नाही त्याच्याशी, पण होईल."

दुसऱ्या दिवशी फोस्तँ नऊला दोन मिनिटं कमी असतानाच आला. पुस्तिका हातात धरलेली दोन परकी माणसं दाराजवळच्या टेबलावर होती. आंसेल्म फडकं घडी घालून हातावर घेऊन पुढे आला आणि म्हणाला, "यावे. बसावे. आज आपल्याला काय आवडेल?"

फोस्तँ खुर्चीच्या पाठीला धरून उभाच राहिला. मग परक्या घरी बसावं तसा खुर्चीच्या कडेवर टेकला. वजडी अर्धी टाकली. आंसेल्मने ताट मुकाट्याने उचललं.

त्यानंतर फोस्तँ एक दिवसाआड येऊ लागला, मग आठवड्याने. ऑक्टोबरातल्या एका सकाळी तो साडेदहाला दारात दिसला, पुन्हा बटण चुकलेलं. आंसेल्म पाहुण्यांना 'विणकराचा मेंदू' म्हणजे ताजं चीज, हिरव्या पातीसह, हे समजावून सांगत होता. सोलेन क्लेमांसला कडेवर घेऊन पुढे झाली. ती मोठ्याने म्हणाली, "उशीर झाला! वजडी गार झाली. आता बसा आणि तीच गिळा."

शब्द तेच होते, फक्त तिच्या तोंडी 'बस'चं 'बसा' झालं होतं. पाहुण्यांनी दचकून वर पाहिलं. आंसेल्मचा हात ताटावर थांबला.

फोस्तँने टोपी काढली, बाळाच्या गालाला बोट लावलं.

"आभारी आहे, बाळ," तो सोलेनला हळूच, अदबीने म्हणाला. "फार चांगली आहेस तू."

आणि दार आवाज न करता ओढून घेऊन तो उताराला लागला.