नळाकडून नववी

“बाई, जरा बाहेर येता का?”

बाई नऊ नंबरच्या कोठडीत नेहमीसारख्या भिंतीला हात टेकून बसल्या होत्या. दोन वर्षं झाली, दर महिन्याला येतात. त्यांचे वडील या तुरुंगात, नऊ नंबरच्या कोठडीत वारले. आता तुरुंगाचं संग्रहालय झालंय आणि तेव्हाचा पहारेकरी मी आता तिकिटं फाडतो. ही कोठडी मीच त्यांना दाखवली होती, दारावरची पाटी वाचून.

आज सकाळी साहेबांनी जुना नकाशा टांगायला दिला आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या वेळी कोठड्या आतल्या टोकाच्या नळाकडून मोजायचे, संग्रहालयवाल्यांनी मोजल्या दरवाजाकडून. वीस वर्षं इथल्या किल्ल्या फिरवल्या मी, मला हे कळू नये? की कळत होतं आणि विसरलो? दुपारपर्यंत बोटांवर मोजत बसलो, एकदा इकडून, एकदा तिकडून. त्यांच्या वडिलांचा चेहरा आठवून पाहिला, तर तिसराच कुणीतरी आठवला. झाकली मूठ झाकलेलीच बरी, असंही मनात आलं. पण बाई आल्या आणि मला तोंड चुकवता येईना.

“ही ती कोठडी नव्हे,” मी म्हणालो. “चूक माझी.”

“मग इथे कोण होतं?”

“कुणीच नाही. चुन्याची पोती असायची.”

बाईंनी रुमालाने हात पुसले. “म्हणजे दोन वर्षं मी पोत्यांशी बोलतेय.” त्या हसल्या की रडल्या, मला समजलं नाही. “आणि बाबा कुठे होते?”

नळापाशी जाऊन मी मोठ्याने मोजत निघालो, बाई मागून. नववं दार आलं. वर लिहिलं होतं : पुरुषांचं स्वच्छतागृह. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“हीच?”

“हीच. या वेळी नक्की.”

आत कुणी नाही हे पाहून घेतलं. बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली आणि आत जाऊन दार लोटलं.

तेवढ्यात एक गृहस्थ घाईघाईने आले. “बंद आहे का हो?”

“थांबावं लागेल. भेट चालू आहे.”

“कसली भेट?”

“कैद्याची.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. पूर्वी भेटीला पंधरा मिनिटं मिळायची आणि वेळ संपली की दार वाजवायचं काम माझंच असायचं. आज मी दाराकडे पाठ करून उभा राहिलो, पिशवी दोन्ही हातांत धरून.