जोड दिलेला पट्टा

मी बोलतोय, शिवणाच्या मशीनच्या खणातून, म्हणून आवाज जरा दबलेला वाटेल. माझ्या एका अंगाला दोऱ्याची बॉबिनं, दुसऱ्या अंगाला खडूचे तुकडे आणि डोक्याशी जोडी हरवलेली बटणं. मी रक्तदाब मोजणारं यंत्र आहे. या घरात मला यंत्र वगैरे कुणी म्हणत नाही, बीपीचं मशीन म्हणतात. त्यामुळे 'मशीन बिघडलं वाटतं' असं कुणी म्हटलं की मी आणि शिवणाचं मशीन, दोघंही दचकतो.

गेले काही महिने माझ्या डोक्यात नुसता गोंधळ आहे. मी खोटं बोललो का? कुणाला तरी विचारावंसं वाटतं, पण खणात विचारणार कुणाला? बॉबिनं तर स्वतःभोवतीच फिरतात. म्हणून सगळं तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. शेवटच्या खुर्चीत एक बारीक अंगाची बाई बसायची. तिने माझा पट्टा आपल्या दंडाला गुंडाळला, बटण दाबलं, मी फुगलो, हळूहळू सैल झालो आणि आकडा सांगितला. तिने मान हलवली आणि माझ्या पाठीवर 'पास' अशी चिठ्ठी चिकटवली. तेव्हापासून मला आपण कधी चुकतच नाही असं वाटायचं. पासाची चिठ्ठी होती ना पाठीवर!

दुकानातून मला एका मुलीने उचललं. तिचे वडील शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई, म्हणून मीही तेच म्हणतो. मास्तर चाळीस वर्षं कोट शिवतात. माणूस दारातून आत आला की त्याच्या खांद्याचं माप त्यांना नजरेनेच कळतं. मुलगी दूरच्या गावी नोकरीला. बाबांचं डोकं दुखतं असं कानावर आलं, तशी ती मला घेऊन आली, दोन दिवस राहिली, आणि रोज संध्याकाळी फोनवर आकडा सांगायचा, असं बजावून गेली.

पण पहिल्याच दिवशी माशी शिंकली. मास्तरांचा दंड म्हणजे दंड आहे हो. जड इस्त्री उचलून उचलून झालेला, आणि थोडा मास्तरीणबाईंच्या हातच्या जेवणाने. माझा पट्टा त्याला पुरेना. दोन टोकं एकमेकांकडे बघत राहिली, भेटेनात. मुलगी म्हणाली, बदलून आणते. मास्तर हसले. कपडा कमी पडला म्हणून दुकानात परत देणारा शिंपी कुणी बघितलाय का, असं त्यांनी तिलाच विचारलं.

त्यांनी मला मांडीवर घेतलं. बोटांनी चाचपून माझ्या पट्ट्यातली हवेची रबरी पिशवी कुठे संपते ते शोधलं, म्हणजे सुई तिला लागायला नको. मग कोटाच्या कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाचा सहा इंचांचा तुकडा कापला, पट्ट्याला जोडला, दुहेरी शिलाई मारली आणि वेल्क्रोची चिकटपट्टी नव्या टोकाला लावली. इतकं सुबक काम की माझ्याच कंपनीने केलंय असं वाटावं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला काही आकडे छापले होते, ते त्या जोडाखाली झाकले गेले. कुणी ते नीट वाचले नाहीत. मीही नाही. खरं सांगतो, मी फुशारून गेलो होतो.

पहिला आकडा आला एकशे अडुसष्ट. हा वरचा आकडा. खालच्याचं नाव या घरात कुणी काढत नाही. मुलीचा चेहरा उतरला. कोपऱ्यावरचे डॉक्टर आठवडाभराची यादी बघून म्हणाले, दवाखान्यात येऊन माणूस घाबरतो, घरचे आकडे खरे धरायचे. एक गोळी सुरू झाली.

मास्तरीणबाईंनाही ते पटलं, कारण छापून आलं होतं. मेडिकल कॉलेजच्या मोठ्या हॉस्पिटलाचं एक चार पानी आरोग्यपत्रक दर महिन्याला घरी येतं. त्यात नवं संशोधन काय म्हणतं ते असतं. मास्तरीणबाई ते मोठ्याने वाचतात आणि त्याच संध्याकाळपासून अमलात आणतात. एका महिन्यात कॉफी बंद झाली. पुढच्या महिन्यात दोन कप चालतात असं आलं, तर सुरू झाली. अंड्यातलं पिवळं कधी ताटात, कधी ताटाबाहेर. मास्तर म्हणायचे, आता कोणता महिना चालू आहे ते विचारूनच जेवायला बसतो. त्याच पत्रकात माझ्याबद्दल आलं होतं: रक्तदाब घरी मोजावा, तो आकडा जास्त भरवशाचा. ते वाचताना मास्तरीणबाईंनी माझ्याकडे आदराने बघितलं होतं. तेवढ्यावर मी कितीतरी दिवस काढले.

माझी मोजणी म्हणजे एक गंमतच. मास्तर उंच स्टुलावर, पाय लोंबकळताहेत, हात मांडीवर, अंगात सदरा तसाच. शेजारी फोन, फोनवर मुलगी, समोर मास्तरीणबाई. मी फुगत असताना तिघांचं बोलणं चालूच. शेजारच्यांच्या भिंतीला ओल कशी आली इथपर्यंत. त्यात मी काय ऐकणार आणि काय सांगणार, कप्पाळ! पण जे हाताला लागलं ते प्रामाणिकपणे सांगत गेलो.

एकशे अठ्ठावन्न. दुसरी गोळी आली. एकशे अठ्ठेचाळीस. तिसरी आली. डॉक्टरांना एकशे तीसच्या आत हवं होतं आणि मी काही केल्या खाली येईना. मुलगी फोनवर रडकुंडीला यायची. आणि इकडे मास्तर कसे दिसत होते? पाटावरून उठले की भिंत धरायचे. सुईत दोरा ओवायच्या आधी डोळे मिटून बसायचे. मला कळेना. मी म्हणतोय दाब जास्त, आणि हा माणूस तर पाणी न घातलेल्या रोपासारखा मान टाकतोय. डॉक्टर म्हणाले, आकडा कमी झाला की बरं वाटेल.

एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी कोटाचं कापड दिलं होतं, नवऱ्याने कधीकाळी आणून ठेवलेलं, तेवढंच, पुन्हा मिळणार नाही असं. एका सकाळी मास्तरांनी ते कापलं. दुपारी बाह्या जुळवायला घेतल्या आणि हातातलं काम खाली ठेवलं. दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते झटक्यात उभे राहिले आणि तसेच इस्त्रीच्या टेबलावर कोसळले. तापलेली इस्त्री त्यांच्या हातापासून चार बोटांवर पडली.

मास्तरीणबाई धावत आल्या. त्यांनी आधी इस्त्रीची पिन काढली, मग नवऱ्याला पाणी पाजलं, मग रडल्या. आणि मग शांतपणे सांगून टाकलं की हा कोट झाला की दुकान बंद.  संध्याकाळी मास्तरांनी आपली मोठी कात्री पुसली, तेलाचा हात दिला आणि मऊ कापडात गुंडाळून कपाटात वरती ठेवली. मी खणातून बघत होतो. त्या दिवशीही मी सांगितलं होतं, एकशे छत्तीस. चौथ्या गोळीची भाषा सुरू झाली होती.

त्या महिन्याच्या पत्रकात शेवटच्या पानावर चौकट होती. मोठ्या हॉस्पिटलात संशोधन चालू आहे, घरी रक्तदाब मोजणाऱ्यांनी आपलं यंत्र घेऊन यावं. मास्तरीणबाईंनी मला पर्समध्ये घातलं आणि मास्तरांना घेऊन निघाल्या.

तिथली खोली लहान होती. पाठीला टेकू असलेली खुर्ची, दंडाच्या उंचीचं टेबल, आणि जमिनीवर पावलं कुठे ठेवायची त्याच्या खुणा. संशोधन करणाऱ्या डॉक्टर मास्तरांच्या मुलीच्याच वयाच्या. त्यांनी मास्तरांना सदऱ्याची बाही काढून पाच मिनिटं गप्प बसायला सांगितलं. सोबतच्या माणसांनीही. मास्तरीणबाईंनी पाच मिनिटं तोंड मिटून ठेवलं, हे मी या डोळ्यांनी बघितलं.

मग डॉक्टरांनी खिशातून टेप काढला. पिवळा, कापडी, मास्तरांच्या गळ्यात असतो तसाच. मास्तर एकदम ताठ बसले. टेप खांदा आणि कोपराच्या मधोमध फिरला.

"अडतीस सेंटिमीटर," डॉक्टर म्हणाल्या.

"पंधरा इंच," मास्तर पुटपुटले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांचे दंड मोजतोय. माझा आज पहिल्यांदा कुणी मोजला."

आधी माझा पट्टा लावला. एकशे छत्तीस. मी कधी नव्हे एवढा काळजीपूर्वक बोललो होतो. मग त्यांनी आपला मोठा, रुंद पट्टा लावला. एकशे बारा. पुन्हा लावला. एकशे दहा. मग मास्तरांना उभं केलं आणि मोजलं. ब्याण्णव. मास्तरांनी टेबल धरलं.

डॉक्टरांनी माझा पट्टा उलटा केला, शिलाईवरून बोट फिरवलं, सुरेख आहे म्हणाल्या, आणि उसवू का, असं विचारलं. मास्तरांनी खिशातली छोटी कात्री काढून स्वतःच उसवलं. जोड बाजूला झाला आणि खालचे आकडे दिसले. दंड बावीस ते बत्तीस सेंटिमीटर. पुढे दंडाचं छोटं चित्रही होतं. मास्तरांना वाटलं होतं, कंपनीचा काहीतरी नंबर असेल.

डॉक्टरांनी गोळ्या लिहिलेला कागद पुढे ओढला. "ही तिसरी गोळी कुणाच्या सांगण्यावरून वाढली?"

मास्तरांनी बोट उचललं आणि माझ्याकडे दाखवलं.

ते बोट मला अजून टोचतं. रागाचं नव्हतं ते. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. पण मला वाटलं, पाठीवरची ती चिठ्ठी कुणीतरी ओरबाडून काढावी. मी काही लपवलं नव्हतं. दंडावर जेवढा जोर लावावा लागला तेवढा सांगितला. लहान पिशवीला मोठा दंड दाबायला जास्त जोर लागतो आणि आकडा चढा येतो, हे डॉक्टर तेव्हा समजावून सांगत होत्या. मग मी खरं बोललो की खोटं?

मास्तरांना मात्र लगेच कळलं. ते म्हणाले, "म्हणजे बाही लहान, आणि मी बाहेरून पट्टी जोडली. बटण लागलं. पण काखेत काचतच होतं."

डॉक्टर म्हणाल्या, बरोब्बर.

मास्तरीणबाई रडू लागल्या. तिन्ही गोळ्या त्यांनीच, वेळच्या वेळी, स्वतःच्या हाताने दिल्या होत्या. पर्समधून जुनं पत्रक काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. तुम्हीच लिहिलं होतं ना, घरचा आकडा भरवशाचा? डॉक्टरांनी ते वाचलं. लिहिलंय ते खरंच आहे, म्हणाल्या, पण पट्टा कोणत्या मापाचा, हे शेजारीच लिहायला हवं होतं. म्हणूनच हा अभ्यास चालू आहे. मला तर हे ऐकून जास्तच गोंधळायला झालं. छापलेलंही खरं, मीही खरा, गोळ्याही खऱ्या, आणि माणूस इस्त्रीवर पडला.

आपल्या मनाने एकही गोळी सोडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना तिथूनच फोन केला.  ते म्हणाले, दंड मोजायचं मलाही सुचलं नाही. त्यांनी तिसरी गोळी बंद केली. तीन आठवड्यांनी दुसरी अर्धी केली. मास्तर भिंत न धरता उठायला लागले. मास्तरीणबाईंनी दुकान बंद करायचा विषय पुन्हा काढला नाही, आणि एके दिवशी स्वतःच स्टुलावर चढून कपाटातली कात्री खाली काढून दिली.

उजव्या बाहीपुरतं कापड उरलं नव्हतं. मास्तरांनी काखेत आतल्या बाजूने जोड दिला. बाहेरून ब्रह्मदेवालाही दिसला नसता. पण मुख्याध्यापिका कोट न्यायला आल्या तेव्हा मास्तरांनी बाही उलटी करून तो जोड दाखवला, आणि हात वर करून, फिरवून, काचतं का ते तीनदा विचारलं. नाही काचत, असं त्या म्हणाल्या तेव्हाच कोट घडी घालून दिला.

माझा जुना पट्टा गेला. माझ्याच कंपनीचा मोठा पट्टा मुलीने पाठवला. आता महिन्याच्या पहिल्या तारखेला मास्तरीणबाई गळ्यात टेप अडकवतात आणि नवऱ्याचा दंड मोजतात. मास्तर गिऱ्हाइकासारखे हात बाजूला धरून उभे राहतात. 'हलू नका,' असं त्या दटावतात. मग टेकायची खुर्ची, पाय जमिनीवर, हात टेबलावर, फोन बंद. पाच मिनिटं घरात चिडीचूप.

तरी माझा गोंधळ संपलेला नाही. एकाच बैठकीत एकशे एकतीस, मग एकशे चोवीस, मग एकशे सत्तावीस असं सांगतो, आणि तिन्हींतलं खरं कोणतं ते मलाच कळत नाही. मास्तरीणबाई तिन्ही लिहून ठेवतात. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. एवढंच मागणं आहे, त्याला विचारण्याआधी दंडाला एकदा टेप लावा. त्याचं ऐका, पण माणूस भिंत धरून उठत असेल तर त्या माणसाचंही ऐका, आणि उठून दवाखान्यात जा.

हे बघा, खण उघडला. मास्तरांनी मला टेबलावर ठेवलं, पट्टा बांधला, आणि गिऱ्हाइकाच्या गळ्याशी कॉलर तपासतात तशी त्याची कड दोन बोटं आत घालून तपासली. मी चुकलो तरी हा माणूस माझ्यावर अजून रागावलेला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. पाच मिनिटं झाली आहेत. मास्तर माझ्याकडे बघून हळूच म्हणतात, "हं, बोल आता."