दोन हाडांमधली मोकळी जागा

मी एक जुनी कूर्चा आहे. आहे म्हणजे, थोडीशी उरले आहे. मित्रांनो, आपल्या नाकाचा शेंडा दाबून पाहा. तो हाडासारखा कडक नाही आणि मांसासारखा मऊही नाही. माझी जात तीच, पण मी त्याहून कितीतरी गुळगुळीत. चिंधाभाऊंच्या उजव्या गुडघ्यात, हाडांच्या टोकांवर मी पांढऱ्या अस्तरासारखी बसले होते. हाडावर हाड घासू नये, एवढेच माझे काम.

चिंधाभाऊ मूळचे धुळ्याकडचे. सुरतेजवळच्या सचिन गावी, मागाच्या कारखान्यात ते बीम वाहायचे. बीम म्हणजे सूत गुंडाळलेला जड लोखंडी रूळ. दोघांनी तो खांद्यावर घ्यायचा आणि अरुंद जिन्याने माळ्यावर न्यायचा. मला कामाचा राग नाही. माझ्यात रक्त येत नाही. पाऊल टेकले आणि उचलले, की सांध्यातला रस माझ्यातून आत-बाहेर करतो, तेच माझे जेवण. चालता माणूस मला जेवू घालतो. सगळे आपल्या अहिराणीत म्हणायचे, "चिंधाभाऊना पाय नही, लिफ्ट शे!" माझे नाव कोणी घेतले नाही.

१९९१च्या उन्हाळ्यात तेलकट पायरीवर त्यांचा पाय सटकला. बीमचा सगळा भार पिळवटून माझ्यावर आला. हाड मोडले नाही. मी तडकले. दुपारपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला.

दवाखान्यात एक्स-रेचा फोटो काढला. त्या फोटोत हाडे दिसतात, मी दिसत नाही. दोन हाडांमध्ये जी काळी मोकळी जागा दिसते, ती मी. डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे. पण दीड महिना वजन उचलायचे नाही."

तो दीड महिना म्हणजे माझे आयुष्य होते. आत काय चालले होते ते ऐका. सांध्याच्या आतले पातळ आवरण सुजले होते. सुजलेले आवरण रसातून निरोप सोडते. निरोप म्हणजे इवलीशी प्रथिने. माझ्या अंगात दूर दूर, एकेकट्या राहणाऱ्या पेशी आहेत. त्याच मला बांधतात, त्याच डागडुजी करतात. त्यांना निरोप पोचला की बांधकाम बंद करा, तोडायला घ्या. त्यांनी कातरणारी रसायने सोडली आणि माझेच धागे कापले. कापलेले तुकडे रसात पडले. त्या तुकड्यांमुळे आवरण आणखी चिडले, आणखी निरोप आले. शेवटी माझ्या पेशीच एकमेकींना ते निरोप देऊ लागल्या. विसावा मिळता तर हे सारे कदाचित शमले असते. आणि मला साधे ओरडताही येत नव्हते. मला दुखणे कळवणाऱ्या नसाच नाहीत! ओरडायचे ते शेजारपाजाऱ्यांनी.

पाचव्या दिवशी पंडित मास्तर घरी आले. हे कारखान्याचे मुकादम. त्यांच्या टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा असे, गोळ्यांनी भरलेला. कोणाचे काहीही दुखो, चहाबरोबर एक गोळी, हीच तिथली रीत. डबा ते सोबतच घेऊन आले होते.

"चिंधाभाऊ, हाड मोडनं का? नही ना? मंग गोळी खाई ले, च्या पी, नि ऊठ. बीम खाले पडेल शे."

चिंधाभाऊंची बायको उषाबाई चुलीजवळूनच कडाडली, "डॉक्टरनी दीड महिना सांगा ना? आठ दिन बी नही व्हयनात!"

अर्ध्या तासाने चिंधाभाऊ उभे राहिले, गुडघा हलवून हसले. "दुखत नही आते. गोळी लागू पडनी."

"गुडघा मुका व्हयना," उषाबाई म्हणाली. "बरा नही व्हयना."

त्या घरात मला ओळखणारी ती एकटी. तिचे कोणी ऐकले नाही. गोळीने कळ थांबली, आतली तोडफोड थांबली नाही. ज्या पायाने लंगडून मला वाचवले असते, तो पाय त्याच संध्याकाळी बीम घेऊन जिना चढला. त्यानंतर सात वर्षे रोज चहा, रोज गोळी. मी आधी मऊ पडले, मग चिरा गेल्या, मग माझे पापुद्रे निघाले. मागच्या वर्षी चिंधाभाऊंना जिना चढवेना, तेव्हा मास्तरांनी त्यांना दरवाज्यावर चौकीदाराचे स्टूल दिले. मोठा उपकार!

काल दवाखान्यात दुसरा फोटो निघाला. त्यात ती काळी जागा जवळजवळ उरली नव्हती. नवे डॉक्टर म्हणाले, "झीज आहे. होतेच वयाने." बेचाळीस हे काय झिजायचे वय? मी काय चपलेचा तळ आहे? मी नुसती झिजले नाही. मला माझ्याच पेशींकडून तोडवले गेले, आणि तोडणे चालू असताना वरून वजन लादले गेले. एवढ्या साऱ्या अन्यायाला एकच शब्द, झीज!

तिथून चिंधाभाऊ दोन्ही फोटो घेऊन थेट कामावर आले. समोरून गोपाल लंगडत आला. हा आता बीम वाहतो. त्याचा गुडघा सुजलेला होता. मास्तरांनी डबा उघडला.

चिंधाभाऊ स्टुलावरून उठले. "गोपाल, आठे बठ."

"तू चौकीदार शे, डॉक्टर नही," मास्तर म्हणाले.

"डॉक्टर नही. डॉक्टरना फोटो शेत मनाजोडे."

त्यांनी गोपालला आपल्या स्टुलावर बसवले आणि स्वतः उभे राहिले, हाडावर हाड टेकून. दोन्ही फोटो ट्यूबलाइटसमोर धरले.

मित्रांनो, सुजलेल्या गुडघ्याला गोळी देऊन कामाला जुंपू नका. गोळी द्या, पण विसावाही द्या. आणि कोणी मुकाट झाले म्हणजे बरे झाले, असे कधी धरून चालू नका. माझ्यासाठी या सांगण्याला फार उशीर झाला आहे.

पण काल चिंधाभाऊंनी जुन्या फोटोतल्या त्या काळ्या जागेवर बोट ठेवले. आजवर माझ्याकडे कोणी बोट दाखवले नव्हते.

"आठे काहीतरी व्हतं, गोपाल," ते म्हणाले. "तुनं अजून शे."

गोपालने गोळी परत डब्यात टाकली.