घासलेला दस्ता

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालची. त्या साली संग्रहालयाचं नवं शस्त्रदालन उघडायचं होतं आणि त्याच साली अण्णा गेले. अण्णा जुन्या बंदुकांचे लाकडी दस्ते दुरुस्त करणारे सुतार. त्यांची थोरली लेक संग्रहालयात शस्त्रांची पारख करायला होती. घरात तिला मोठी म्हणत, कामावरही तेच नाव चिकटलं.

अण्णांना जाऊन अठरा दिवस झाले तरी मोठीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. शेजारणी म्हणत, बाई लाकडाची आहे. तिच्या कानावर आलं, तेव्हा तिला वाटलं, असेलही. ती वेळेवर उठायची, डबा भरायची, कामावर जायची. हात आपले चालत होते.

एकोणिसाव्या दिवशी एक निवृत्त मेजर लष्करी रायफल घेऊन आले, तान्ह्या बाळासारखी रजईत गुंडाळून. ऐंशी वर्षांपूर्वीची. नव्या दालनाच्या मधोमध एकच मोठी काचेची पेटी राहणार होती आणि तिच्यात कारखान्यातून निघाली तशी, दुरुस्तीचा हात न लागलेली रायफल ठेवायची होती. मेजरांचं म्हणणं, ती हीच. पेटीवर आपल्या वडिलांचं नाव लागावं, एवढीच त्यांची इच्छा. संग्रहालयाचे साहेब उद्घाटनाच्या घाईत होते. ते मोठीला म्हणाले, बघून घ्या आणि सही करून टाका.

मोठीने टेबलावर फलालीन अंथरलं आणि भिंग काढलं. नळीचा काळपट निळा रंग कडांवर विरून करडा झाला होता. हातात धरून धरून व्हावा तसाच. स्क्रूंच्या खाचा शाबूत. नळीवरचा नंबर आणि काडतूस आत सरकवणाऱ्या बोल्टवरचा नंबर एकच. लोखंड अस्सल होतं.

मग तिने डोळे मिटून दस्त्यावरून अंगठा फिरवला. लष्करी कारखान्यात लाकूड लोखंडापेक्षा किंचित वर ठेवतात. हा धडा तिला अण्णांनी सातव्या वर्षी दिला होता, डोळ्यांवर फडकं बांधून. इथे दस्त्याच्या टोकाच्या लोखंडी पट्टीवर नख अडकलं. लाकूड खाली गेलं होतं. लाकडावरचा तपासणीचा शिक्काही चेहरा धुतल्यासारखा, कडा बोथट झालेला. कुणीतरी दस्ता घासून वर जवसाचं तेल दिलं होतं. काम मात्र इतकं सफाईदार की दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं.

असं काम करणारा हात त्या गावात एकच होता. पण अण्णांनी तर जन्मभर एकच वाक्य घोकवलं होतं, धूळ पुसा, वय पुसू नका.

इथेच थांबता आलं असतं. मोठीने पर्समधून अण्णांचा पेचकस काढला, स्क्रू सैल केले आणि नळी दस्त्यातून उचलली. आपण केलेली दुरुस्ती नळीखालच्या खाचेत पेन्सिलीने लिहून ठेवायची अण्णांची रीत होती. तिथे त्यांचं बारीक, उभं अक्षर होतं.

'दस्ता तडा बुजवायला आला होता. तीन दिवस घासला. भान नव्हतं. चूक माझी.' खाली तारीख.

तारीख आई गेली त्या आठवड्याची होती. मोठी तेव्हा नऊ वर्षांची, धाकटा भाऊ चारचा. मागच्या पडवीतून तीन दिवस पॉलिश पेपरचा आवाज येत होता, खर्र, खर्र. ताट जायचं आणि तसंच परत यायचं. आत्या म्हणाली होती, घासू दे त्याला, दुसरं काय करेल तो. अण्णा काय घासत होते ते कुणी पाहिलंच नव्हतं.

मोठीला वाटलं, आता रडू येईल. ती थोडा वेळ वाट पाहत बसली. आलं नाही. मग तिने हात पुसले.

जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्यात गेली. अण्णांचा कारखाना आता धाकटा चालवत होता आणि संग्रहालयाच्या दुरुस्तीवर त्याची चूल पेटत होती. सगळं ऐकून त्याने रंधा खाली ठेवला.

"तायडे, मेलेल्या बापाला साक्षीला उभं करतेस?"

"त्यांनी साक्ष कधीच देऊन ठेवलीय. मी फक्त वाचणार."

"आणि उद्या मला काम कोण देईल? तुझं भिंग?"

तिने त्याचा डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला आणि ती परत निघाली.

साहेबांनी तो मजकूर दोनदा वाचला. मग दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात समजावलं, की स्क्रू आवळले की संपलं, पुन्हा कोण उघडतंय. शिवाय नाव तुमच्याच घराचं जाईल. माणूस वाईट नव्हता, नुसता घाईत होता. मोठी म्हणाली, "मी उघडलं ना, साहेब." आणि तिने अहवाल लिहिला: लोखंड मूळ, लाकूड पुन्हा घासलेलं. कुणी घासलं तेही लिहिलं.

मेजर संध्याकाळी आले. ते भांडतील म्हणून साहेब आधीच फाइलमागे लपले होते. मेजरांनी चष्मा पुसून ते अक्षर वाचलं.

"वडील म्हणायचे, एकदा बाहेरून घरी परत आली ती नवरीसारखी दिसत होती. मला वाटायचं, कौतुक करतायत."

एवढंच बोलून त्यांनी रायफल रजईत गुंडाळली आणि ते गेले.

मधल्या पेटीत दुसरीकडून आणलेली एक रायफल लागली. साहेब पुढे बढती होऊन गेले; दर नव्या वर्षी मोठीला पत्र पाठवत, त्यात रायफलचा विषय नसे. मेजर चार वर्षांनी वारले. त्यांच्या मुलीने ती रायफल संग्रहालयाला देऊन टाकली. ती दुसऱ्या दालनात खालच्या फळीवर आहे, पाटीवर 'लाकूड पुन्हा घासलेले' असं लिहिलंय आणि मेजरांच्या वडिलांचं नावही आहे. संग्रहालयाचं काम धाकट्याकडून गेलं ते गेलंच. तो शाळांची बाकं करू लागला, मोठीशी दोन वर्षं बोलला नाही, नंतर काही न झाल्यासारखा जेवायला आला आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाला.

मोठी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. पण रडू तिला अण्णा गेले त्याच साली आलं होतं, सात महिन्यांनी. ती दुधाचं भांडं घेऊन जिना चढत होती आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी पॉलिश पेपरने दार घासत होतं.

भांडं सांडलं नाही. तिने ते आधी पायरीवर नीट ठेवलं.